इंदूरवरच्या ढगातली गॅमा चमक: उपग्रहाच्या नोंदींतून टीजीएफ कसा शोधायचा आणि कसा पडताळायचा

मान्सूनपूर्व वादळांचा हंगाम ओसरला की रामबागेतल्या आमच्या घरी कॉलेजची दोन-तीन मुलं आलेख घेऊन येतात. आलेखात एक उंच सुळका असतो आणि शेजारी महूच्या बाजूने चढून आलेल्या ढगाचा फोटो. "सर, आपल्या वादळातून गॅमा किरण निघाले." मी पहिला प्रश्न विचारतो: ही वेळ कुठल्या घड्याळाची? पुढचा तास बहुतेक त्या एकाच प्रश्नात जातो.

वादळी ढगातून अवकाशाकडे सुटणारी, मिलिसेकंदाहूनही कमी टिकणारी गॅमा किरणांची चमक म्हणजे टीजीएफ (टेरेस्ट्रियल गॅमा-रे फ्लॅश). ती शोधायला लागणाऱ्या नोंदी घरबसल्या फुकट मिळतात, म्हणून प्रयत्न पुष्कळ होतात. ते फसतात ते भौतिकशास्त्र न कळल्यामुळे नव्हे, कामाचा क्रम उलटा लागल्यामुळे. मुलं आधी गॅमा नोंदी उघडतात, सुळका शोधतात आणि मग त्याला जोडायला वीज शोधतात. खरा क्रम असा: आधी उपग्रह, मग घड्याळ, मग वीज, मग अंतर. गॅमा नोंदी सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे. उदाहरणं इंदूरची आहेत, पण वडोदरा आणि ग्वाल्हेरच्या वाचकांसाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

टप्पा १: कुठला उपग्रह चालेल ते ठरवा

"एक्स-रे दुर्बीण" या शब्दानेच पहिला घोळ होतो. चंद्रा किंवा एक्सएमएम-न्यूटन या आरशांच्या दुर्बिणी आकाशाचा चिमुकला तुकडा पाहतात. त्यांच्या कक्षा लांबट आहेत आणि त्या पृथ्वीपासून लाखभर किलोमीटरपर्यंत दूर जातात. टीजीएफ खालून, ढगाकडून येतो. त्यासाठी नीच कक्षेतला, आरसा नसलेला, चहूबाजूंनी किरण टिपणारा स्फटिकाचा डिटेक्टर लागतो.

मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, एक्स-रेंचा उपयोग का नाही, हेही समजून घ्या. १५ किलोमीटर उंचीवर ढगमाथ्याच्या वर दर चौरस सेंटिमीटरला अजून सुमारे १२० ग्रॅम हवा शिल्लक असते. तेवढ्या हवेतून १० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन न विखुरता पार होण्याचं प्रमाण साधारण बारांत एक. उगम १० किलोमीटरवर असेल तर वरची हवा दुपटीहून जास्त होते आणि तेच प्रमाण सुमारे अडीचशेत एक इतकं घसरतं. शंभर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे जे फोटॉन उपग्रहाला दिसतात, ते ढगातून सरळ आलेले नसतात. वाटेत धडका घेऊन ऊर्जा गमावलेले असतात, म्हणून किंचित उशिरा पोहोचतात. ही गोष्ट टप्पा ७ मध्ये कामाला येईल.

आता कक्षेचा कल पाहा. उपग्रह विषुववृत्ताच्या उत्तर-दक्षिणेला किती अंशांपर्यंत जातो, हे त्यावरून कळतं. इंदूर २२.७२ अंश उत्तरेला आहे, वडोदरा २२.३१ आणि ग्वाल्हेर २६.२२.

ॲस्ट्रोसॅट हा इस्रोचा खगोल-उपग्रह आपला, म्हणून मुलं तोच आधी निवडतात. त्याच्या कक्षेचा कल ६ अंश आहे. तो उत्तरेच्या टोकाला आला तरी इंदूरपासून साडेअठराशे किलोमीटर दूर असतो. इटलीचा अजाइल २००७ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून सोडला होता. त्याने टीजीएफवर मोलाचं काम केलं, पण त्याचा कल अवघा २.५ अंश होता. माळव्यावर तो कधीच आला नाही.

फर्मी हा नासाचा गॅमा किरणांचा उपग्रह जून २००८ पासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतो आहे. कल २५.६ अंश. त्यावरच्या जीबीएम या उपकरणात चौदा डिटेक्टर आहेत: सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचे बारा आणि बीजीओ, म्हणजे बिस्मथ जर्मेनेटच्या स्फटिकाचे दोन. बीजीओ साधारण २०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपासून ४० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पाहतात. आपल्या कामाचा उपग्रह हाच. इंदूर आणि वडोदरा त्याच्या पट्ट्याच्या आत आहेत. ग्वाल्हेर पट्ट्याच्या जेमतेम ७० किलोमीटर बाहेर आहे, म्हणजे फर्मी नेमका डोक्यावरून जात नाही, पण नजरेच्या टप्प्यात सहज येतो. शिवाय कोणताही उपग्रह कक्षेच्या टोकाच्या अक्षांशांजवळ जास्त वेळ रेंगाळतो. विषुववृत्तावरच्या गावापेक्षा आपल्याला फर्मीचा सहवास जास्त मिळतो तो त्यामुळे.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं एएसआयएम हे युरोपीय उपकरण २०१८ पासून खास याच कामासाठी आहे. स्थानकाचा कल ५१.६ अंश असल्याने ते तिन्ही शहरांवरून जातं. पण त्याच्या नोंदींतली यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ कित्येक मिलिसेकंदांनी सरकलेली असू शकते आणि ती विजेच्या उजेडाच्या नोंदीवरून दुरुस्त करावी लागते. पहिल्या प्रयत्नाला ते घेऊ नका.

> पडताळा: वहीच्या पहिल्या पानावर उपग्रहाचं नाव, कक्षेचा कल, उंची आणि तुमच्या गावाचा अक्षांश लिहा. कल आणि अक्षांश यांतला फरक पाच अंशांहून जास्त निघाला आणि गाव पट्ट्याबाहेर असेल, तर तो उपग्रह तिथेच सोडून द्या.

टप्पा २: घड्याळ जुळवा

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त कामं इथेच वाया जातात.

उपग्रहाच्या नोंदी यूटीसीशी बांधलेल्या असतात. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तारीख चुकते. १० जूनच्या पहाटे ३ वाजता इंदूरला वादळ झालं असेल, तर यूटीसीत ती वेळ ९ जूनची रात्रीची साडेनऊ आहे. १० जूनची फाइल उतरवणारा दिवसभर रिकाम्या आकाशात शोधत बसतो.

फर्मी तारीख लिहीत नाही, सेकंद मोजतो. १ जानेवारी २००१ च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, हा त्याचा आकडा. त्या दिवसानंतर जागतिक वेळेत पाच लीप सेकंद घातले गेले: २००५, २००८ आणि २०१६ च्या अखेरीस आणि २०१२ व २०१५ च्या जूनअखेरीस. फर्मीच्या आकड्यात ते धरलेले आहेत. नुसत्या दिवसांना ८६,४०० ने गुणून उत्तर काढलं तर २०१७ पासूनच्या प्रत्येक तारखेला पाच सेकंद कमी पडतात. आपण शोधतो ती घटना मिलिसेकंदाहून लहान आहे, तेव्हा पाच सेकंदांची चूक म्हणजे सगळंच गेलं.

एक उदाहरण हाताने करून पाहा. १० जून २०१९, सायंकाळी ५:३० भारतीय वेळ म्हणजे १२:०० यूटीसी. १ जानेवारी २००१ पासून पूर्ण झालेले दिवस ६,७३४. त्यांचे सेकंद ५८,१८,१७,६००. त्यात दुपारपर्यंतचे ४३,२०० मिळवा, मग लीप सेकंदांचे ५. उत्तर ५८,१८,६०,८०५. तुमचा प्रोग्राम हाच आकडा देतो का ते बघा. देत नसेल तर पुढे जाऊ नका.

दुसरा सापळा संगणकाच्या अंकांचा आहे. इतका मोठा आकडा ३२ बिटांच्या दशांश (फ्लोट) प्रकारात साठवला तर शेजारच्या दोन आकड्यांतलं अंतर ३२ सेकंदांचं होतं, आणि आकडा सुमारे ५३ कोटी ७० लाखांच्या पुढे गेला की ६४ सेकंदांचं. वेळ नेहमी ६४ बिटांत ठेवा. तिथे हे अंतर मायक्रोसेकंदाच्या आठव्या भागाइतकं राहतं. वेळेचा रकाना स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. पडद्यावर दिसतात तेवढीच दशांश स्थळं उरतात आणि बाकीची कायमची जातात.

तिसरा सापळा पल्सारचे, म्हणजे लयीत लुकलुकणाऱ्या ताऱ्यांचे, पाठ गिरवून आलेल्यांसाठी. पल्सारच्या कामात वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला नेऊन दुरुस्त करतात. आपला उगम पायाखालच्या ढगात आहे. इथे ती दुरुस्ती लावली तर वेळ आठ मिनिटांपर्यंत सरकते. तयार सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय आधीपासून चालू नाही ना, हे डोळ्यांनी बघा.

आणखी एक. जुन्या नोंदी वापरणाऱ्यांनी त्या मोहिमेच्या घड्याळाच्या दुरुस्त्या वाचल्याशिवाय हात घालू नये. रेसी या उपग्रहाच्या घड्याळात सुमारे १.८ मिलिसेकंदांची कायमची चूक होती आणि ती बऱ्याच वर्षांनी ध्यानात आली.

> इशारा: मोबाइलवर घेतलेल्या विजेच्या व्हिडिओची वेळ टीजीएफ जुळवायला चालत नाही. फोनचं घड्याळ मिलिसेकंदाच्या कामाचं नाही. व्हिडिओसाठी गच्चीवर तर अजिबात जाऊ नका. गडगडाट ऐकू आला की वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. या कामातला एकही टप्पा घराबाहेर करायचा नाही.

टप्पा ३: माहीत असलेल्या टीजीएफवर रंगीत तालीम

हा टप्पा मुलं गाळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. जीबीएमची टीजीएफ यादी खुली आहे. जुलै २०१६ पर्यंतच्या पहिल्या अधिकृत यादीत ४,१४४ टीजीएफ आहेत. त्यांतल्या साधारण तिनांत एकाला विजेची जोडी सापडली आहे, म्हणजे त्यांचा ढग कुठे होता ते माहीत आहे.

यादीतून अशी जोडी असलेले, ठळक पाच टीजीएफ निवडा. ते आफ्रिकेवरचे असोत की इंडोनेशियावरचे, हरकत नाही. त्या तासाच्या नोंदी उतरवा आणि यादीत दिलेली वेळ न बघता तुमच्या पद्धतीने सुळका शोधा. मग यादीशी ताडून पाहा.

नोंदींबद्दल दोन गोष्टी. नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीपासून जीबीएम प्रत्येक फोटॉनची वेगळी वेळ अखंड साठवतं. त्याआधीच्या नोंदींत हा तपशील सगळीकडे नाही, म्हणून तालमीसाठी २०१३ नंतरचेच टीजीएफ घ्या. फायली तासातासाच्या आणि डिटेक्टरवार असतात. चौदा डिटेक्टरांचा एक तास काही शे एमबीचा होतो, तेव्हा "सगळा जून उतरवून ठेवू" हा विचार सोडा. फायली फिट्स या खगोलशास्त्रातल्या प्रकारच्या आहेत आणि पायथनमध्ये ॲस्ट्रोपाय या साधनाने उघडतात. फर्मीच्या गटाने जीबीएमसाठी पायथनची वेगळी साधनंही दिली आहेत. सुरुवात मात्र साध्या ॲस्ट्रोपायने करा, म्हणजे आत कुठले रकाने आहेत ते कळतं.

> पडताळा: पाचांपैकी पाच टीजीएफ मायक्रोसेकंदांच्या फरकाने जुळले पाहिजेत. सगळे सारख्याच अंतराने चुकत असतील तर टप्पा २ मध्ये परत जा. वेगवेगळ्या अंतराने चुकत असतील तर तुम्ही सुळका शोधत नाही आहात, गोंगाट वेचत आहात.

टप्पा ४: वादळ आणि विजेची यादी

आता इंदूर. माळव्यात या कामाला सगळ्यात चांगला काळ मे आणि जूनचा पूर्वार्ध. तापलेल्या जमिनीवरून दुपारनंतर ढग उंच चढतात, आणि माथा जितका उंच तितकी वरची हवा कमी. टप्पा १ मधला बारांत एक आणि अडीचशेत एक यांतला फरक आठवा. भर पावसाळ्यात दिवसभर रिपरिप करणारा ढग वीजही फारशी पाडत नाही आणि इतका उंचही जात नाही.

ढगमाथा पाहायला इन्सॅटची अवरक्त चित्रं घ्या. ती अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राच्या मॉसडॅक या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. चित्रावरची वेळ स्कॅन सुरू होतानाची असते. पूर्ण चकतीचा स्कॅन उत्तरेकडून दक्षिणेकडे होतो आणि त्याला पंचवीस मिनिटांहून जास्त लागतात, तेव्हा इंदूरची ओळ त्यानंतर काही मिनिटांनी टिपली जाते. आणखी एक बारकावा: इन्सॅट विषुववृत्तावरून तिरकं पाहतो, म्हणून १५ किलोमीटर उंचीचा ढगमाथा चित्रात सात-आठ किलोमीटर उत्तरेकडे सरकलेला दिसतो. इंदूरच्या दक्षिणेकडच्या राऊवरचा ढग शहराच्या मधोमध दिसू शकतो.

चित्रावरून वादळ कळतं, वीज कळत नाही. विजेसाठी तिची जागा आणि मायक्रोसेकंदांपर्यंतची वेळ हवी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप जीव वाचवण्यासाठी केलेलं आहे आणि ते प्रत्येकाच्या फोनवर असावं, पण त्यात दिसणारे ठिपके मिनिटांच्या हिशेबाचे असतात. टीजीएफ जुळवायला ते पुरत नाहीत. त्यासाठी अतिनीच वारंवारतेच्या रेडिओ लहरींवर वीज टिपणाऱ्या जागतिक जाळ्याच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएलएलएनच्या नोंदी लागतात. त्या संस्थेमार्फत मागाव्या लागतात. विद्यार्थ्याने आपल्या विभागप्रमुखांच्या सहीने आधीच अर्ज करावा. मुलं हा अर्ज शेवटच्या महिन्यात करतात आणि मग प्रकल्प विजेशिवाय उरकतात.

अवकाश स्थानकावरच्या लिस या कॅमेऱ्याच्या २०१७ ते २०२३ च्या नोंदी खुल्या आहेत. पण तो दोन-दोन मिलिसेकंदांच्या चौकटींत पाहतो, आणि फर्मी व स्थानक एकाच वेळी माळव्यावर असणं विरळा. मिळालं तर उत्तम, त्यावर विसंबू नका.

यादी करताना ढगातल्या ढगात चमकणाऱ्या विजा टाकून देऊ नका. जमिनीवर पडणारी वीज डोळ्यांत भरते, पण टीजीएफ मुख्यतः ढगाच्या आत वर चढणाऱ्या विजेशी जोडलेले आढळतात. "फक्त जमिनीवर पडलेल्या" अशी गाळणी लावलेली यादी हातात आली तर गाळणीविना यादी मागा.

टप्पा ५: उपग्रह त्या वेळी कुठे होता

फर्मीच्या जागेची रोजची वेगळी फाइल असते. तिच्यातून प्रत्येक सेकंदाला उपग्रहाच्या खालच्या बिंदूचे अक्षांश-रेखांश काढा. इंदूरभोवती ५०० किलोमीटरचं वर्तुळ आखा. फर्मी ते वर्तुळ फार तर दोन-अडीच मिनिटांत ओलांडतो आणि दिवसातल्या लागोपाठच्या मोजक्या फेऱ्यांतच त्यातून जातो. ८०० किलोमीटरपलीकडच्या विजेशी नातं जोडायचा मोह धरू नका.

फेऱ्यांच्या वेळा रोज साधारण अर्धा तास अलीकडे सरकतात. म्हणजे एखाद्या आठवड्यात फर्मी नेमका सायंकाळच्या वादळांवर येतो आणि पुढे कित्येक दिवस पहाटेच्या निरभ्र आकाशावरून जातो. म्हणून आधी फेऱ्यांची यादी आणि विजेची यादी समोरासमोर ठेवा. दोन्हींत जुळणारी मिनिटं उरतील तेवढ्याच तासांच्या गॅमा नोंदी उतरवा. महिन्याभराच्या यादीतून चार-पाच तास उरले तरी ते पुरेसं काम आहे.

> पडताळा: जुळलेल्या प्रत्येक विजेपुढे तीन आकडे लिहिलेले असावेत: विजेची वेळ, फर्मीच्या खालच्या बिंदूपासून तिचं आडवं अंतर, फर्मीची उंची. एकही रकाना रिकामा असेल तर ती वीज यादीतून काढा.

टप्पा ६: प्रकाशाचा प्रवास वजा करा

वीज ढगात झाली आणि फोटॉन उपग्रहावर पोहोचला, यांत दोन मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. हा वेळ विसरल्यामुळे खरा टीजीएफ हातातून निसटलेला मी पाहिला आहे.

समजा फर्मी ५३५ किलोमीटरवर आहे, उगम १५ किलोमीटरवर धरला आणि आडवं अंतर ३०० किलोमीटर आहे. उंचीतला फरक ५२०. सपाट त्रिकोण धरला तर कर्ण ६०० किलोमीटर आणि प्रवास २.०० मिलिसेकंद. पृथ्वीची गोलाई धरली तर अंतर ६०७ आणि वेळ २.०२ मिलिसेकंद. वीस मायक्रोसेकंदांचा फरक पडला. आडवं अंतर ५०० असेल तर हाच फरक पन्नास मायक्रोसेकंदांवर जातो. म्हणून गोलाईचं सूत्रच वापरा. उगमाची उंची १५ ऐवजी १२ धरल्याने दहाएक मायक्रोसेकंदच हलतात, त्यावर वाद घालत बसू नका.

विजेच्या वेळेत हा प्रवास मिळवा. येईल ती अपेक्षित वेळ. तिच्या अलीकडे-पलीकडे एक-एक मिलिसेकंद, एवढीच तुमची खिडकी. ही खिडकी गॅमा नोंदी उघडण्याआधी वहीत लिहून तारीख घाला. नंतर ती रुंद करायची नाही.

टप्पा ७: उंबरठा आधी, मोजणी नंतर

डिटेक्टरमध्ये वीज नसतानाही नोंदी होत राहतात. दोन्ही बीजीओ मिळून सेकंदाला २,५०० नोंदी होतात असं धरू. प्रत्यक्ष आकडा त्या फेरीतल्या शांत मिनिटांवरून स्वतः मोजा. २०० मायक्रोसेकंदांच्या एका कप्प्यात सरासरी अर्धी नोंद येईल. त्या कप्प्यात सहा नोंदी दिसल्या तर? सरासरीच्या बारापट! मुलांचे डोळे चमकतात.

पण एका तासात असे एक कोटी ऐंशी लाख कप्पे असतात. योगायोगी नोंदींची शक्यता सांगणाऱ्या प्वासाँच्या नियमाने हिशेब केला तर सहा किंवा जास्त नोंदींचे कप्पे तासाभरात निव्वळ योगायोगाने अडीचशेच्या वर निघतात. आठ किंवा जास्त नोंदींचा एखादा. दहा किंवा जास्त नोंदींचे कप्पे मात्र हजार तासांत तीनच. विजेच्या वेळेशिवाय आंधळा शोध घ्यायचा असेल तर उंबरठा दहाच्या खाली आणू नका. आणि कप्पे एकमेकांवर सरकवत नेणार असाल तर योगायोग आणखी वाढतात, तेव्हा उंबरठाही वर न्या.

आता विजेची यादी हातात असल्याचा फायदा बघा. दोन मिलिसेकंदांच्या खिडकीत दहाच कप्पे. दोनशे विजा तपासल्या तरी कप्पे दोन हजार. सहा नोंदींचा उंबरठा ठेवला तर दोनशे विजा मिळून योगायोगाचे कप्पे ०.०३. जो सुळका आंधळ्या शोधात अडीचशेंतला एक म्हणून कचऱ्यात गेला असता, तोच इथे पुरावा ठरतो. सुळका तोच असतो, त्याचं वजन घड्याळ ठरवतं.

उंबरठा ओलांडलेला कप्पा सापडला की त्या मिलिसेकंदाचे फोटॉन एकेक करून पाहा. जास्त ऊर्जेचे फोटॉन आधी आणि मऊ फोटॉन सरासरीने जरा मागे, हे टीजीएफचं लक्षण. जीबीएमच्या यादीत हा उशीर सुमारे २७ मायक्रोसेकंदांचा आढळला. वाटेतल्या हवेत धडका घेत आलेल्यांची ही खूण आहे. सहा-सात नोंदींच्या घटनेत ती स्पष्ट दिसेलच असं नाही. दिसली नाही म्हणून घटना बाद करू नका, दिसली म्हणून सिद्धही मानू नका.

> इशारा: एवढ्या तीव्र चमकेत डिटेक्टर गुदमरतो. प्रत्येक नोंदीनंतर तो निदान २.६ मायक्रोसेकंद आंधळा असतो आणि दोन फोटॉन मिळून एक मोठा असंही मोजलं जातं. म्हणून मोजणी ही खालची मर्यादा समजा आणि वर्णपटावरून ढगातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायच्या फंदात पडू नका. त्यासाठी डिटेक्टरचं पूर्ण अनुकरण लागतं.

टप्पा ८: तोतये ओळखा

वैश्विक किरणाचा एखादा जोरदार कण उपग्रहावरच आदळला तर सगळे डिटेक्टर एकदम पेटतात. सुळका देखणा दिसतो, पण सारं काही दोन-चार मायक्रोसेकंदांत आटोपतं आणि नोंदी ऊर्जेच्या सर्वांत वरच्या, मापाबाहेरच्या कप्प्यात गर्दी करतात. टीजीएफ किमान दहा-वीसपट लांब असतो.

दुसरा तोतया एकाच डिटेक्टरमधला. मोठी ऊर्जा पडल्यावर सोडियम आयोडाइडचा स्फटिक काही काळ स्वतःच मिणमिणत राहतो आणि एकामागून एक खोट्या नोंदी देतो. म्हणून नियम करा: नोंदी दोन्ही बीजीओंत वाटलेल्या हव्यात आणि सोडियम आयोडाइडच्या अनेक डिटेक्टरांतही वाढ दिसली पाहिजे.

तिसरा तोतया नाही, पाहुणा आहे. काही टीजीएफ इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनही वर फेकतात. ते पृथ्वीच्या चुंबकीय रेषेवरून धावत दूरच्या उपग्रहाला गाठतात. १४ डिसेंबर २००९ रोजी फर्मी इजिप्तवर असताना त्याला अशी झुळूक लागली. तिथे वादळ नव्हतं, ते होतं झांबियात. अशी घटना कित्येक मिलिसेकंद टिकते आणि तिच्यात ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची ठळक रेषा दिसू शकते. इंदूरवर असताना फर्मीला लागलेली झुळूक विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरावरच्या वादळाची असू शकते. घटना मिलिसेकंदाहून बरीच लांब असेल तर महूच्या ढगावर नाव टाकण्याआधी चुंबकीय रेषेच्या दुसऱ्या टोकाची विजेची यादी तपासा.

टप्पा ९: खोटी तालीम आणि नोंद

सगळं जुळलं तरी एक काम उरतं. विजेची तीच यादी घ्या, प्रत्येक वेळेत सरसकट १० सेकंद मिळवा आणि टप्पा ६ ते ८ जसेच्या तसे पुन्हा करा. मग २० सेकंद, मग ३०. या खोट्या वेळांना एकही वीज खरी नाही, तेव्हा सापडेल तो योगायोग. शंभर वेगवेगळे सरकाव तपासून मिळणारी सरासरी आणि तुमचा ०.०३ सारखा हिशेब जवळपास सारखे आले पाहिजेत. खोट्या वेळांना भराभर "टीजीएफ" सापडू लागले तर पार्श्वभूमीचा दर चुकीचा धरला आहे किंवा वैश्विक किरणांची चाळणी सैल आहे.

अहवालात काय लिहाल? उपग्रह आणि डिटेक्टर. तपासलेल्या फेऱ्या किती, विजा किती. खिडकी आणि उंबरठा, आणि ते कुठल्या तारखेला ठरवले. सापडलेल्या घटनेची यूटीसी वेळ मायक्रोसेकंदांपर्यंत, विजेपासूनचं अंतर, प्रवासाची दुरुस्ती, योगायोगाची अपेक्षा आणि खोट्या तालमीचा निकाल. वादळाचा फोटो लावायचा तर शेवटी लावा.

एका हंगामात इंदूरच्या वर्तुळात एकही टीजीएफ न सापडणं अगदी शक्य आहे. फर्मी दिवसातून मोजकी मिनिटं इथे असतो, आणि जे ढग १५ किलोमीटर गाठत नाहीत त्यांचे गॅमा किरण वाटेतच विझतात. तसं झालं तर "सापडला नाही" असं न लिहिता "इतक्या विजा, इतक्या सेकंदांच्या खिडकीत, या उंबरठ्यावर तपासल्या" असं लिहा. गेल्या खेपेला माझ्याकडे आलेल्या एका मुलीची वही अशी होती. तिच्यात एकही सुळका नव्हता. तिच्या विजांची यादी आणि फेऱ्यांचं कोष्टक मी नव्या मुलांना तसंच्या तसं देणार आहे, आणि त्यांनी टप्पा ३ पासून सुरुवात करून ते मे महिन्यापर्यंत वाढवायचं आहे.